एकवीस पॉइंट चार

काचेवर चिकटवलेला तो आकडा
माझ्याच उजव्या पायाने काढलेला.
हे बोरस्त्यांना मी सांगितलं नव्हतं.

सात वर्षं होतो त्या खोलीत.
चाकांखाली फिरणारे लोखंडी रूळ,
समोर वाऱ्याच्या नावाने एक पंखा,
तापमान पंचवीस, बाहेर वैशाख असो की पौष.
पडद्यावर एक रेषा सरकायची
आणि आपला ठिपका तिच्यावर ठेवायचा, बस्स.
ती चढली की चढायचं, ती थांबली की थांबायचं.
शिंक आली तर गिळायची.
एकदा नाही गिळता आली, अख्खी फेरी रद्द.
वीस मिनिटं गाडी जीव खाऊन धावायची
आणि समोरची भिंत तिथल्या तिथे.

आता तीच हायब्रिड पिकअप, हप्त्यावर, माझी.
अंबडहून कास्टिंग घेऊन सिन्नरला,
सिन्नरहून रिकामे पिंप,
मंगळवारी मखमलाबादचे पेरू थेट वाशीला.
द्वारकेच्या सिग्नलला इंजिन आपोआप गप्प होतं,
इतकं गप्प, की शेजारचा रिक्षावाला विचारतो,
'बंद पडली का, मामा?'
तेवढं मिनिटभर वाटतं, आज जमणार.
मग हिरवा दिवा लागतो
आणि मागच्या पावणेदोन टनांना आठवतं
की आपण आहोत.

कसाऱ्याचा घाट उतरताना
चाकं बॅटरीत वीज परत टाकतात.
पण तिची ओंजळ ती केवढी!
अर्ध्या घाटातच भरते,
उरलेला उतार ब्रेकच्या वासात निघून जातो.
येताना पाठीवर साबणाची खोकी,
आणि चढ मात्र अर्धा नसतो.

वही मंदाकिनीकडे.
टाकी नेहमी मुनाफच्याच हातून भरायची,
नोझल टक् म्हणालं की पुढे थेंब नाही.
तारीख, किलोमीटर, लिटर, माल, भाडं, शेरा.
पंधरा पॉइंट आठ.
सोळा पॉइंट एक. शेरा: ढगाळ, एसी बंद.
चौदा पॉइंट तीन. शेरा: घोटीला दीड तास जाम, ह्यांची चिडचिड.
एकोणीस कुठल्याच पानावर नाही.

बोरस्त्यांनी माझं बघून तीच गाडी घेतली.
परवा आले, बशीतला चहा निवला तरी बोलेनात.
मग म्हणाले, 'कंपनीत होतात म्हणे तुम्ही.
खोटा आहे का हो तो आकडा?'
खोटा नाही, भाऊ, म्हटलं,
एका रस्त्यावर अगदी खरा आहे.
'कुठला रस्ता?'

मला नाव सांगता येईना.
त्या रस्त्याला गाव लागत नाही, गतिरोधक लागत नाही,
कुत्रं आडवं जात नाही,
कुणी हात करून म्हणत नाही,
नांदूर नाक्यापर्यंत सोडता का.

त्या रात्री तीनला उठलो.
हौद्यातली ताडपत्री, दोर, जॅक, पाण्याचा कॅन,
सगळं उतरवलं.
आडगाव, ओझरकडचे दिवे डावीकडे, मग निफाड आणि परत.
रस्ता सपाट, माणूस नाही, वारा पडलेला.
पेडलवर पाय असा, जसं खाली अंडं आहे.
ती जुनी रेषा काचेपलीकडे डांबरावर
आपोआप सरकत होती,
मी तिच्यावर ठिपका ठेवत होतो.
चांदोरीजवळ नाक हुळहुळलं.
गिळली शिंक.

मुनाफ डोळे चोळत आला. टक्.
गुणिले, भागिले, पुन्हा भागिले:
एकवीस पॉइंट दोन.

घरी येऊन मंदाकिनीला उठवलंच.
तिने चष्मा शोधला, वही ओढली,
आकडा लिहिला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.
माल: नाही.
भाडं: शून्य.
शेऱ्यापाशी पेन थांबलं.
'काय लिहू?' म्हणाली,
आणि मी काही बोलायच्या आत लिहिलं:
हवा खायला.

सातला अंबडला लोडिंग होतं.
घाईत निघालो,
जॅक ओसरीवरच राहिला.